देवाच्या आधी हुंगायचं नाही

माझ्याकडे बेचाळीस फोटो आहेत, सगळे एकाच संध्याकाळचे. बावखलाच्या काठावर एक बाई आणि एक मास्तर समोरासमोर उभे आहेत. बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. मागे नारळी, सुपारी, केळी, पुढे हिरवं पाणी. पहिल्या फोटोत मास्तराच्या हातात केळीच्या पानाची पुडी आहे, बेचाळिसाव्या फोटोत ती बाईच्या हातात आहे. बास. ज्या गोष्टीसाठी मी दोन महिने जिवाचं रान केलं, ती या बेचाळीसमध्ये शोधून सापडणार नाही.

त्रेचाळिसावा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात काढला. त्यात मास्तर नाहीच.

मास्तर म्हणजे माझ्या शाळेतला गणिताचा शिक्षक. मी चित्रकलेची. आमची शाळा विरारला आणि त्याची वाडी भुईगावच्या बाजूला. नऊ वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी, कारण आमची दोन कपाटं एकाच भिंतीला मावली. मी बोलायचं आणि त्यानं ऐकायचं, असा कारभार. माझी जीभ तिखट आहे हे मीच सांगून टाकते, पुढे दुसऱ्या कुणी सांगायला नको. आणि वाचता वाचता कुणाला वाटेल की मास्तर हिला आवडत होता आणि आता ही रडणार, तर छे! दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून शाळेत येणारा प्राणी तो. त्याच्यासाठी मी कशाला रडेन? माझ्या हातून जे निसटणार होतं ते वेगळं होतं. ती माझी वहिनी होती.

बोळिंजला आमचा वन बीएचके फ्लॅट. त्यात आई, वहिनी आणि मी. दादा साडेतीन वर्षांपूर्वी गेला. डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत संपलं. कामणच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता आणि रविवारी लग्नाचे फोटो काढायचा. त्याचा कॅमेरा आता मी वापरते. कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या उंचीचा आहे, तो मी अजून कमी केलेला नाही, त्यामुळे चालताना कॅमेरा माझ्या पोटावर आपटतो. आपटू दे.

वहिनी सांगोल्याकडची, दुष्काळी भागातली. नालासोपाऱ्याला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सुई कधी गेली आणि कधी निघाली हे माणसाला कळत नाही असा हात. दादा गेल्यावर तिचे आईवडील न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, "आईंना आणि वन्संना टाकून कुठं येऊ?" वन्सं म्हणजे मी. आजकाल नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही, तीही मला चिडवायलाच म्हणायची. पुढे ते माझं नावच झालं. दादा गेला त्या महिन्यात मी बाहेरच्या खोलीतून तिच्या खोलीत झोपायला गेले, ती एकटी नको म्हणून. खरं म्हणजे मी एकटी नको म्हणून. दुपारी शाळेतून दमून आले आणि तिची सुट्टी असली की दार उघडताना ती आत ओरडून सांगायची, "आई, वन्सं आल्या, तोफखाना आला!" त्या एका वाक्यासाठी मी जिने भराभर चढायचे.

मास्तराचं आमच्या घरी येणं दादा गेल्यानंतरचं. मृत्यूचा दाखला, फ्लॅटच्या नावाची बदली, बँकेतल्या सह्या, सगळीकडे तो गप्पपणे बरोबर असायचा. नंतर कधी रविवारी आम्ही दोघी त्याच्या वाडीत जायला लागलो. वहिनीनं पहिल्यांदा बावखल पाहिलं तेव्हा ती काठावर नुसती बसून राहिली. म्हणाली, "एवढं पाणी! आणि कुणी कुलूप नाही लावलं?" मास्तराची आई इतकी हसली. त्या घरात आपसांत त्यांची वेगळी बोली बोलतात, आमच्याशी मात्र सावकाश, शाळेतलं मराठी. त्यांनी वहिनीला अळूच्या जुड्या दिल्या, केळफूल दिलं आणि निघताना सोनचाफ्याच्या कळ्या दिल्या, देवाला म्हणून.

तिथून पुडीची सुरुवात झाली. मास्तर सकाळी शाळेत येताना केळीच्या पानात बांधलेल्या अकरा कळ्या माझ्या टेबलावर ठेवायचा. मी त्या घरी न्यायच्या, आईनं फ्रिजमध्ये ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उमललेल्या असायच्या आणि आई त्या देवाला वाहायची. पहिल्या पुडीला आई म्हणाली होती, "या घरात चाफा पहिल्यांदाच आला. दादाला सोसायचा नाही ना, डोकं धरून बसायचा." मग तिनं फुलं वाहिली आणि पदरानं डोळे पुसले.

देवाच्या फुलांचा एक नियम आहे, तो मराठी घरात कुणाला शिकवावा लागत नाही. देवाला वाहायच्या आधी फूल हुंगायचं नाही. हुंगलं की ते उष्टं. मी लहानपणापासून हा नियम मोडत आले आणि आईच्या चापट्या खात आले. वहिनीचं तसं नाही. ती पुडी हातात घेताना चपला काढते आणि नाकापासून लांब धरते, गरम भांडं धरावं तशी.

एकदा चादरी बदलताना तिच्या उशीखाली मला एक चाफ्याचं फूल सापडलं. तपकिरी पडलेलं, वाळलेलं, पण वास अजून होता. आदल्या दिवशीच्या निर्माल्यातलं. देवाच्या पुडीतलं ती कधी घेणार नाही, मरेल पण घेणार नाही. देवाचं झालं की उरलेलं, सुकलेलं तेवढं तिनं उचललं होतं. मी ते होतं तिथे परत ठेवलं आणि वरून उशी सारखी केली. चार दिवसांनी पाहिलं तर तिथे दुसरं होतं.

आणि त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की मास्तर तिला वहिनी म्हणेनासा झाला आहे. आधी "वहिनींना सांग" असायचं, आता "त्यांना सांग." मी मुद्दाम विचारलं, "त्यांना म्हणजे कुणाला? मुख्याध्यापकांना?" तर गणिताच्या वह्यांत डोकं घालून बसला. कान लाल.

श्रावणात त्यानं मला शाळेच्या गच्चीवर नेऊन सांगितलं. मला माहीत होतंच. म्हणाला, "मला त्यांना विचारायचंय. पण त्यांना आधी कळता कामा नये. आणि तू फोटो काढ."

"हे परदेशी चाळे तुला कुणी शिकवले?" मी म्हटलं. "तुझ्या आईला माझ्या आईकडे पाठव. चहा होईल, बोलणं होईल, झालं."

त्यावर त्यानं मान हलवली. म्हणाला, "त्यांचं पहिलं लग्न तसंच ठरलं ना? कांदेपोहे दिले, पाहुणे गेले, वडिलांनी होकार कळवला. त्यांना कुणी विचारलंच नाही. आताही मोठ्यांनी ठरवलं तर त्या मान खाली घालून हो म्हणतील, नाहीतर तुमच्याकडे बघून नाही म्हणतील. एकदा तरी फक्त त्यांना कुणीतरी विचारायला पाहिजे." नऊ वर्षांत एवढं सलग बोललेला मी त्याला ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "ठीक आहे. आईचं मी बघते."

आईचं मी काहीही बघितलं नाही. दोन महिने रोज घोकायचे की आज सांगते, आणि रोज मूग गिळून गप्प बसायचे. कारण आईला सांगितलं आणि ती हो म्हणाली तर वहिनी जाणार. हे इतकं सरळ होतं. माझा मित्र सुखी व्हावा असं मला मनापासून वाटत होतं, वहिनीनं निर्माल्यातली फुलं उशीखाली ठेवत आयुष्य काढू नये असंही वाटत होतं, आणि ती आमच्या घरातून कुठेही जाऊ नये असंही वाटत होतं. दादाचं म्हणून या जगात जे काही उरलं होतं त्यातलं बोलणारं, हसणारं असं तीच एक होती.

बेत मात्र मी जोरात आखला. मनात खोट असली की माणूस कामाला जास्त लागतो. मास्तराला आधी किल्ल्यात जायचं होतं. मी म्हटलं, वसईच्या किल्ल्यात रविवारी लग्नाआधीच्या फोटोंची एवढी गर्दी असते की तू गुडघ्यावर बसलास तर मागचा फोटोग्राफर ओरडेल, "दादा, फ्रेममधून बाजूला व्हा." मग त्याला राजोडीचा समुद्र हवा झाला. तिथे भेळवाले, घोडे, उंट. शेवटी मीच म्हटलं, तिला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं? तुझं बावखल. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

तालीमही घेतली. स्टाफरूममध्ये कुणी नसताना मी वहिनी झाले आणि त्यानं खडूची पेटी अंगठी म्हणून पुढे केली. "तुम्ही... आमच्या वाडीत..." इथे गाडी अडायची. सात वेळा अडली. आठव्यांदा मी वैतागून म्हटलं, "तू तोंड उघडूच नकोस. अंगठी पुडीत ठेव. चाफ्याच्या मध्ये. ती पुडी उघडेल, हुंगायला नाक लावेल आणि तिला दिसेल. मग जे काय बोलायचं ते तिलाच बोलू दे."

मास्तराला हे इतकं आवडलं की त्यानं मला नमस्कार केला.

उघडेल आणि हुंगेल. कोण? जी पुडी हातात घ्यायलासुद्धा चपला काढते ती! मी हे विसरले. खरंच विसरले का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. स्वतः जन्मभर फुलं हुंगत आले म्हणून विसरले, असं म्हणते आणि पुढे विचार करत नाही.

नवरात्र संपल्यावरचा शनिवार ठरला. वहिनीला सांगितलं होतं की मुलांना चित्रासाठी बावखलाचे फोटो हवेत, तू चल, माणूस उभं असलं की तळं किती मोठं ते कळतं. ती आकाशी साडी नेसून आली. मी या काठावर, ती दोघं समोरच्या काठावर, मध्ये पाणी. ऊन सुपारीच्या शेंड्यांवर होतं. इतकी सुंदर दिसत होती ती. मी दादाच्या कॅमेऱ्यातून तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, यातूनच त्यानंही तिला बघितलं असणार, कितीदा तरी.

त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, ते नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मी फक्त पाहिलं. मास्तरानं पाठीमागून पुडी काढली. वहिनीनं चटकन चपला काढल्या. दोन्ही हात पुढे करून पुडी घेतली, कपाळाला लावली आणि नाकापासून लांब धरली.

माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

मास्तर म्हणाला, "उघडा ना."

"आत्ता? देवाची फुलं आहेत की सर. आधी उघडली की वास लागतो नाकाला."

"नाही, म्हणजे... बघा तरी."

"वाहायच्या आधी नाही बघत मी. आई रागावतील."

आणि तो गणिताचा पंडित, पाढे पाठ असलेला, तिथे घाबरून काय म्हणाला? म्हणाला, "बरं. मग आईंनाच द्या." वर आणखी, "आज डास फार आहेत, नाही?"

हे घडत असताना मी बटण दाबत होते. बेचाळीस वेळा. माझ्या आणि त्यांच्यामध्ये किती पाणी होतं? हाक मारली असती तर सहज पोचली असती. "वहिनी, उघड ती पुडी, माझं ऐक!" एवढंच म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, पुडी तिच्या पिशवीत गेली तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. मास्तराचा पडलेला चेहरा मला लेन्समधून अगदी जवळ दिसत होता, तरी वाटलं.

परत येताना स्कूटरवर ती मागे बसून गुणगुणत होती. सोपाऱ्याच्या वळणावर माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "वन्सं, सर आज कसेसेच दिसत होते. बरं नाही का त्यांना?"

"डास चावले असतील," मी म्हटलं.

घरी तिनं पुडी फ्रिजमध्ये ठेवली. मास्तराचे मेसेजवर मेसेज. तू अंगठी काढून घे. आईंच्या हाती लागली तर काय म्हणतील? मी परत विचारीन, नीट विचारीन, पण आधी तेवढी काढून घे. मी त्याला लिहिलं, काळजी करू नकोस, आई साडेपाचला पूजेला बसते, मी पाचला उठून काढते. गजर लावला.

पाचला गजर वाजला. मी तो ऐकला. बंद केला आणि डोळे मिटून पडून राहिले.

हे मी आजवर मास्तराला सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मला जाग आली नाही. मला जाग होती. मला आईच्या बादलीचा आवाज आला, फ्रिजचं दार उघडल्याचा आला. या लग्नाला मला 'नाही' म्हणायचं होतं, पण ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं. कुठल्या तोंडानं निघणार? म्हणून ते काम मी आईवर टाकलं. आईला पोराच्या बायकोच्या नावानं आलेली अंगठी सापडेल, आई भडकेल, विषय संपेल, आणि माझे हात स्वच्छ राहतील. दादाची बहीण म्हणवणारी मी, अशी पडून होते.

केळीचं पान उलगडल्याचा आवाज झाला. मग ताम्हनात टण् असं काहीतरी पडलं.

वहिनीचं पोळ्या लाटणं थांबलं. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई देव्हाऱ्यापुढे पाटावर बसली होती, ताम्हनात पाणी आणि पाण्यात अंगठी.

वहिनी वाकून बघत म्हणाली, "सरांच्या आईंची असेल हो. पुडी बांधताना बोटातून पडली असेल. आजच्या आज पोचवते मी."

"नवी आहे," आई म्हणाली. "चाफ्याच्या देठात अडकवून ठेवलेली होती." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दोन महिने."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

वहिनीला आता उलगडलं. "आई, शपथ सांगते, मला नव्हतं माहीत. मी काही बोलले नाही त्यांना, कधीच नाही. मी कुठं जात नाही आई, मी परत देऊन येते—"

"गप बस जरा," आई म्हणाली. रागावून नाही. "निर्माल्य मी काढते ना रोज? अकरा फुलं वाहते आणि दुसऱ्या दिवशी दहा निघतात. मला काय आकडे येत नाहीत?"

वहिनी आईसमोर फरशीवर बसली.

"आधी वाटायचं, माझ्या लेकाच्या आठवणीनं नेत असेल. म्हटलं नेऊ दे, काही विचारायचं नाही. मग एके दिवशी डोक्यात उजेड पडला. त्याला तर चाफा सोसायचाच नाही. त्याच्या आठवणीला हिनं चाफा कशाला ठेवावा?" आईनं पदर तोंडाशी नेला. "मला गोड वाटतंय असं समजू नका दोघी. पोटात तुटतंय माझ्या. पण पोरी, शिळं फूल उचलून झोपायचं वय आहे का तुझं?"

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला.

आईनं केळीचं पान उचललं. अकरा फुलं रात्रीत उमलून पिवळीधम्मक झाली होती. देवाकडे पाठ करून तिनं ते वहिनीपुढे धरलं. "ही देवाची नाहीत. तुझी आहेत. घे, हुंग."

वहिनीनं मान हलवली. नाही, नाही. हात पिठाचे, डोळ्यांतून धारा.

"मी सांगते ना? हुंग." मग आई माझ्यावर ओरडली, "आणि तू खांबासारखी उभी काय राहिलीस? जा, दादाचा कॅमेरा आण. त्याच्याच कॅमेऱ्यात येऊ दे हे."

मी धावत गेले. धावत आले. कॅमेरा पोटावर आपटला. वहिनीनं दोन्ही हातांनी पान धरलं, डोळे मिटले आणि त्या फुलांत सबंध तोंड बुडवलं. कित्येक वर्षांची तहान असल्यासारखा श्वास घेतला तिनं. मी बटण दाबलं. तोच त्रेचाळिसावा फोटो. कपाळाला पीठ लागलंय, एका बाजूला आईचं कोपर आणि तिच्या हातातली काचेची बांगडी आली आहे, मागे तव्यावरून धूर. दादानं बघितला असता तर म्हणाला असता, कोपर काप. मी कापलेलं नाही.

मग तिनं हात धुऊन मास्तराला फोन लावला. "सर, फुलं देवाला नाही वाहिली. मी हुंगली."

पलीकडून मास्तराचा बारीक आवाज, "वास आला?"

"आला."

पुढे दोघांचीही गाडी अडली. मला राहवेना. मी फोन हिसकावून ओरडले, "अरे गाढवा, हो म्हणतेय ती!" तर त्यावर वहिनी रडता रडता हसायला लागली आणि आईही, आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

लग्न नोंदणी करून झालं, नंतर वाडीत घरापुरता छोटासा विधी आणि जेवण. कन्यादानाला सांगोल्याहून तिचे वडील आले होते. ते म्हणाले, "पहिल्यांदा मी केलं, आता तुम्ही करा," आणि आईचा हात धरून तिलाच बसवलं. फोटो मी काढले. ते सगळे चांगले आले आहेत, कुणीही बघावेत.

वहिनी आता पंचवीस मिनिटांवर राहते. स्कूटर काढली की पोचले. जातेही. ती हसते, बावखलाच्या काठावर आम्ही बसतो, ती मला वन्संच म्हणते, मी तिला वहिनीच म्हणते. मास्तर म्हणतो, नातं चुकतंय. मी म्हणते, तू तुझी गणितं बघ. पण दुपारी शाळेतून आल्यावर दार मी माझ्या किल्लीनं उघडते, आणि तोफखाना आला असं कुणी ओरडत नाही. तिच्या खोलीत मी अजूनही पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपते. शेजारची उशी उचलून ठेव, असं आई दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. मला तिची इतकी आठवण येते की कधी कधी मास्तराचा राग येतो, आणि मग त्याच्या डब्यातलं तिच्या हातचं खाताना तो जातो.

पुडी अजून येते. आता ती वहिनी बांधते. आत अकरा कळ्या देवाच्या, आणि बाहेर दोऱ्यानं वेगळी बांधलेली एक. ती माझी. निरोप असतो, "वन्संना सांगा, ही देवाची नाही, आधी हुंगली तरी चालेल."

मी हुंगत नाही. तशीच घरी आणते आणि देवाच्या पुडीत टाकते. देवाला बारा वाहिली जातात. दुसऱ्या दिवशी आईच्या आधी मी देव्हाऱ्यापाशी जाते, सुकलेलं एक उचलते आणि त्या शेजारच्या उशीखाली ठेवते. आईला निर्माल्यात अकराच मिळतात. ती मोजते, मला माहीत आहे. अजून तरी ती काही बोललेली नाही.